ज्याचं ओझं त्याच्याच खांद्यावर?

आग्रही : मंडळीत एक तक्रार फार ऐकू येते. ‘इथं आत्मिक वाढच होत नाही.’ तक्रार करणारा बहुधा दहा-वीस वर्षं त्याच बाकावर बसत आलेला असतो. उपदेश कोरडे, पाळक घराकडे फिरकत नाहीत, वडीलमंडळाला भांडणांतून सवड नाही, तरुणांसाठी काही चालत नाही. यातलं बरंचसं खरंही असतं. पण या वर्षात शास्त्रातलं एखादं पुस्तक आपणहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंत का, भावाशी धरलेला अबोला सोडलात का, असं त्यालाच विचारलं तर तो गप्प होतो किंवा चिडतो. इब्री लोकांस पत्राचा लेखक पाचव्या अध्यायाच्या शेवटी अशाच माणसांना खडसावतो. इतक्या काळात तुम्ही दुसऱ्यांना शिकवायला लागायचं, तर तुम्हाला अजून दूधच लागतं, जड अन्न सोसत नाही. हा ठपका तो शिकवणाऱ्यांवर ठेवत नाही, ऐकणाऱ्यांवर ठेवतो. बिरुयाच्या लोकांची तर प्रेषितांच्या कृत्यांत वाखाणणीच आहे, कारण खुद्द पौल बोलला तरी ते शास्त्रात रोज पडताळून बघायचे. पौलाचं पडताळायचं आणि आमच्या पाळकाचं नुसतं ऐकून घ्यायचं, हे कुठलं शहाणपण? बाप्तिस्मा कोणीतरी देतो, शिकवतं कोणीतरी, पण वाढायचं ज्याचं त्यानं.

साशंक : तुमचा तो बाकावरचा माणूस मला चांगला ठाऊक आहे, आणि त्याची वकिली करायची मला हौस नाही. पण ‘ज्याचं त्यानं’ हे वाक्य सगळ्यात जास्त कोणाच्या सोयीचं आहे, ते बघा. शिकागोजवळ विलो क्रीक नावाची एक अवाढव्य मंडळी आहे. तिनं आपल्या सभासदांची पाहणी करून २००७ साली निष्कर्ष छापले. मंडळीच्या कार्यक्रमांत माणूस जास्त गुंतला म्हणून देवावरची आणि माणसांवरची त्याची प्रीती वाढतेच, असं त्या पाहणीत दिसलं नाही. त्यांनी हे उघडपणे छापलं, त्याचं कौतुकच आहे. पण पुढचा धडा काय काढला? लोकांना स्वतःचं स्वतः भरवून घ्यायला आपण पहिल्यापासून शिकवायला हवं होतं! म्हणजे वर्षानुवर्षं कार्यक्रम आम्ही भरवायचे, त्यातून फार काही होत नाही हे आम्हालाच कळायचं, आणि मग सभासदाला सांगायचं की बाबा, आता तुझं तू बघ. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात देवाची फिर्याद आहे ती मेंढपाळांविरुद्ध. दुबळ्याला बळ दिलं नाही, जखमीला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याला शोधलं नाही. तू स्वतःच चरायला का गेलं नाहीस, असं तिथं मेंढराला कोणी विचारत नाही. आणि बिरुयाच्या लोकांकडे घरोघर ग्रंथ नव्हते. गुंडाळ्या असायच्या सभास्थानात. त्यांनी पडताळून बघितलं ते चारचौघांत बसून. त्यांना एकेकट्या वाचकाचा नमुना करणं हा छापखान्यानंतरचा आपला भास आहे.

आग्रही : बिरुयाचं मान्य. पण यहेज्केलाचा तोच अध्याय सतराव्या वचनापासून पुढंही वाचा. मेंढपाळांची फिर्याद संपली की देव मेंढरा-मेंढरांतला न्याय करायला बसतो. काही मेंढरं चांगल्या कुरणात चरतात आणि उरलेलं पायांखाली तुडवतात, निवळ पाणी पितात आणि बाकीचं गढूळ करतात. मेंढपाळ नालायक निघाला म्हणून मेंढरं निर्दोष ठरत नाहीत. संस्थेच्या सोयीचं आहे म्हणून एखादी गोष्ट खोटी होत नसते. उलटंही बघा ना. ‘तुझ्या आत्म्याची काळजी आम्ही घेतो’ हे वाक्य संस्थेच्या किती शतकं सोयीचं होतं? त्याविरुद्ध ल्यूथर उभा राहिला तो याच मुद्द्यावर, की प्रत्येक विश्वासी देवापुढं याजक आहे, मधल्या माणसाकडे आपला आत्मा गहाण टाकायचं कारण नाही.

साशंक : ल्यूथरचं नाव काढलंत ते बरं झालं. १५१७ ला विटेनबर्गला वादाला तोंड फुटलं, १५२० मध्ये त्यानं याजकपणाचं ते तत्त्व मांडलं, आणि १५२८ मध्ये तो सॅक्सनीतल्या मंडळ्यांच्या पाहणीला निघाला. खेड्यापाड्यांत काय दिसलं? लोकांना प्रभूची प्रार्थना येत नाही, दहा आज्ञा येत नाहीत, काही पाळकांनाच शिकवता येत नाही, आणि मोकळीक मिळाली आहे एवढं मात्र सगळ्यांना पक्कं कळलं आहे. त्या हबक्यातून १५२९ साली लहान प्रश्नोत्तरी निघाली. घरातल्या कर्त्या माणसानं मुलांना, गड्यांना, मोलकरणींना बसवून घोकून घ्यायची. ज्यानं माणसाला याजकाच्या हातून सोडवलं, त्यालाच दहा-बारा वर्षांत कळलं की मोकळा सोडलेला माणूस आपोआप वाढत नाही. त्याच्यासमोर कोणीतरी बसावं लागतं आणि ‘म्हणून दाखव’ असं सांगावं लागतं.

आग्रही : पण त्यानं ती पुस्तिका याजकाच्या हातात परत दिली नाही, घराच्या हातात दिली. जबाबदारी खाली उतरली, वर चढली नाही. असो. जर्मनीत अडकून पडायला नको, आपल्याकडे याहून धारदार उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडात वाँटेज इथल्या मठाच्या आश्रयानं. सिस्टर जेराल्डिन ही त्यांची आत्मिक आई. पुढं चेल्टनमच्या कॉलेजात डोरोथिया बील या प्राचार्यांच्या छायेत त्या शिकल्या आणि शिकवूही लागल्या. आता एखाद्यानं म्हणावं, परदेशात आलेली विधवा, पदरी लहान मुलगी, राहणं-खाणं मठाच्या जिवावर, तेव्हा सांगतील ते ऐकावं आणि गप्प राहावं. बाईंनी तसं केलं नाही. इंग्रज पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची गोष्ट निघाली, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली, की असं केलं तर मायदेशी हिच्या कामाला बाध येईल. रमाबाईंचं उत्तर असं की मी काय करायचं ते ठरवायला मला सदसद्विवेक आहे. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, इथवर त्यांनी वाद घातला. त्रैक्यावरचं जे सूत्र त्यांना शास्त्रात सापडलं नाही, त्याला तोंडदेखलं ‘हो’ म्हणायला त्या तयार झाल्या नाहीत. पुरोहितांचं एक जू मानेवरून उतरवून आले ते दुसरं चढवून घ्यायला नव्हे, हा त्यांचा सूर पत्रापत्रांतून येतो. त्या दिवशी त्या नुसत्या आज्ञाधारक राहिल्या असत्या, तर पुढं शारदा सदन झालं नसतं, केडगावची मुक्ती झाली नसती, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत शास्त्र उतरवायला एक बाई बसलीही नसती.

साशंक : रमाबाईंचा दाखला तुम्ही १८८५ च्या त्या पत्रांपाशी थांबवता. मी तो १९०७ पर्यंत नेतो. त्या साली त्यांनी आपली साक्ष छापली. तिचा गाभा असा, की बाप्तिस्मा घेऊन आठेक वर्षं होऊन गेल्यावर त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, खुद्द ख्रिस्त मिळालेला नाही. इतका अभ्यास, इतकी चिकित्सा, इतकं स्वतंत्र मन, आणि एवढ्यावर पोचायला त्यांना सगळं खाली ठेवावं लागलं. आपण चांगलं होऊन देवाकडे जायचं नसतं, आहोत तसं जायचं असतं, हे त्यांना त्या वेळी कळलं. आता सांगा, हे ‘वैयक्तिक जबाबदारी’चं यश की तिच्या मर्यादेची कबुली? ब्रिटनहून आलेला पेलागियस रोममध्ये शिकवत होता तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं तुमचाच बाकावरचा माणूस होता. कृपेचं नाव घेऊन ऐदी झालेला ख्रिस्ती. त्याला हलवायला पेलागियस म्हणू लागला की मनात आणशील तर तुला जमेल. हेतू उत्तम होता. ऑगस्टिननं ओळखलं की या मार्गानं माणूस एकतर गर्विष्ठ होतो नाहीतर निराश. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेनं पेलागियसची शिकवण नाकारली. दर पिढीत ती नव्या कपड्यांत परत येते. हल्ली तिला ‘आत्मिक शिस्त’ म्हणतात, ‘वाढीची पंधरा पावलं’ म्हणतात. पौलानं करिंथकरांना स्वच्छ लिहिलं आहे की लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढ देतो तो देव. मग ‘माझ्या वाढीची जबाबदारी माझी’ या म्हणण्याला अर्थ काय उरतो?

आग्रही : उरतो, आणि तो पौलच देतो. फिलिप्पैकरांना तो सांगतो की आपलं तारण भीत, कापत साधून घ्या, आणि श्वासही न घेता पुढं जोडतो, की तुमच्यात इच्छा आणि कृती दोन्ही घडवणारा देव आहे. आपण दोघं त्यातलं एकेक वचन हातात धरून भांडतो आहोत. देव आत काम करतो ‘म्हणून’ तू कर, असं ते आहे. देव करतो तेव्हा तू बस, असं नाही. आणि रमाबाईंच्या साक्षीतलं एक तुम्ही गाळलंत. ती उमज त्यांना कोणी बिशपानं दिली नाही. शास्त्र वाचताना, आणि विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन वाचताना त्यांना कळलं की आपलं कुठंतरी अडलं आहे. गंमत बघा, हा हॅसलम स्वतःच व्यासपीठावर उभा राहून उपदेश करता करता पालटला होता. वर्षानुवर्षं पाळक असून आपण पोचलो नाही हे त्याला तिथं कळलं. कृपा अनायास असते हे खरं, पण ‘मला ती अजून कळलेली नाही’ हे कबूल करण्याचं काम दुसरा कोणी आपल्यासाठी करू शकत नाही. मी जबाबदारी म्हणतो ती एवढीच. पेलागियसनं माणसाच्या ताकदीवर भिस्त ठेवली. मी माणसाच्या प्रामाणिकपणावर ठेवतो.

साशंक : हे तुम्ही बरंच आटोपशीर केलंत, आणि असं मांडल्यावर माझा अर्धा विरोध गळतो. उरलेला अर्धा वेगळा आहे. तुमची सगळी उदाहरणं वाचणाऱ्या माणसांची आहेत. रमाबाईंना लहानपणी भागवत मुखोद्गत होतं. अशांनी स्वतःचं स्वतः शोधलं यात नवल नाही. नगर, जालना भागात खेड्यांतल्या महार-मांग वस्त्यांतून माणसं ख्रिस्ती झाली ती कुटुंबाकुटुंबानं, कधी सगळी वस्ती मिळून. त्यांच्या विश्वासाला ‘वैयक्तिक निर्णय’ हे माप लावलं की तो कच्चा दिसतो. तो कच्चा नव्हता. त्यासाठी त्यांनी पाटलाचा रोष पत्करला, पाणवठ्यावरची मारामार सोसली. शास्त्र त्यांच्यापर्यंत आलं ते कानांनी. अहमदनगरला ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं ते उगीच नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्सनं ख्रिस्तपुराण छापलं. नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणं सुटली होती, आणि ऐकायला, म्हणायला काही हवं होतं. सुमारे अकरा हजार ओव्या, ख्रिस्ती समाजानं मिळून ऐकायच्या. वसईच्या आजीला मिस्सा, रोजरी आणि सणवार यांतून जे मिळालं, ते ‘रोज सकाळी एकांतात एक तास’ या वेळापत्रकात बसत नाही. तिच्याकडे एकांत नव्हता, आणि तासही नव्हता. तुमची जबाबदारी ही थोडी सवडीची, थोडी पांढरपेशी चीज आहे.

आग्रही : आक्षेप खरा आहे, पण तो ज्या माणसांच्या बाजूनं घेतलात त्यांनाच तो कमी लेखतो. वस्तीतली बाई कीर्तन ऐकून घरी जाते, आणि सावकाराचा हिशेब मुलांना खोटा सांगायचा की खरा, नवऱ्यानं मारलं त्याबद्दल प्रार्थनेत काय म्हणायचं, हे तिचं तीच ठरवते. तिथं वस्ती नसते. लक्ष्मीबाई टिळकांकडे बघा. शाळेचं शिक्षण जवळजवळ नाही. नवऱ्याचा बाप्तिस्मा झाला फेब्रुवारी १८९५ मध्ये. त्या काळची रीत, सासरची-माहेरची समज आणि मिशनची अपेक्षा यांपैकी काहीही पाळायचं तर एक तर नवऱ्याच्या मागं मुकाट्यानं जावं, नाहीतर नवरा मेला समजून राहावं. त्यांनी दोन्ही केलं नाही. आधी दूर राहिल्या, मग नवऱ्याजवळ येऊनही सोवळं-ओवळं पाळत राहिल्या, आणि ते एकेक करून आपल्याच विचारानं सोडलं. बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. टिळकांसारखा कवी नवरा असून पाच वर्षं! ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं की जातिभेद माणसाचा, देवाचा नाही, हे त्यांना कोणी पटवलं नाही. पटलं तेव्हा त्या बोलल्या, तोवर नाही. याला पुस्तकी सवड लागत नाही. स्वतःला फसवायचं नाही, एवढा हट्ट लागतो.

साशंक : लक्ष्मीबाईंपुढं मी काय बोलणार. पण त्या पाच वर्षांत त्या एकट्या नव्हत्या, हेही ‘स्मृतिचित्रे’तच आहे. घरात भांडणारा, रुसणारा, पुन्हा समजूत घालणारा नवरा होता, नगरची माणसं होती, ज्यांच्या हातचं पाणी प्यायचं की नाही हा प्रश्न पडावा असे शेजारी होते. एकांतात बसून जातिभेद सुटत नसतो, तो दुसऱ्याच्या तांब्याशीच सुटतो. आणि तुमच्या थोरांचं एक बघा. नारायण वामन टिळकांचं मिशनच्या चाकोरीत मन रमेना. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले. मग काय केलं, एकटे साधना करत बसले? ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त एकत्र आणायला. १९१९ मध्ये ते गेले, आणि दरबार काही फार टिकला नाही. त्यांची पदं टिकली, कारण ती ‘उपासना संगीता’त गेली, ज्या मंडळीला ते कंटाळले होते तिच्याच तोंडी. रमाबाईही इंग्लंडातल्या मठाला नाही म्हणाल्या, आणि केडगावला त्यांनी उभं केलं ते काय? शेकडो बायकामुलींचं, प्रार्थनेच्या घंटेवर चालणारं घर. १९०५ च्या सुरुवातीला त्यांनी रोज प्रार्थनेला जमायचं आवाहन केलं तेव्हा सत्तरेक जणी पुढं आल्या, आणि त्या वर्षी तिथं झालेल्या आत्मिक जागृतीची सुरुवात अशी घोळक्यानं झाली. जे एकट्याच्या बळावर चालले म्हणून तुम्ही सांगता, ते सगळे शेवटी दुसऱ्यांना गोळा करतानाच दिसतात.

आग्रही : दिसतात, आणि मला त्यात पराभव वाटत नाही. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दुसऱ्या वचनात म्हणतो की एकमेकांची ओझी वाहा, आणि पाचव्या वचनात म्हणतो की ज्यानं त्यानं आपला भार वाहावा. मधे दोनच वचनं आहेत. टीकाकारांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. मला त्या मधल्या दोन वचनांचं महत्त्व जास्त वाटतं. तिथं सांगितलं आहे की आपण कोणी नसताना कोणी आहोत असं मानणारा स्वतःला ठकवतो, तेव्हा आपलं काम आपणच पारखून बघा. जो स्वतःला पारखत नाही तो दुसऱ्याचं ओझं उचलायला गेला तर त्याच्या डोक्यावर बसतो, असं मी त्यातून वाचतो. मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीनं हे व्यवहारात कसं आणलं ते बघण्यासारखं आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहावरचं कर्ज फेडायचं होतं. माणशी आठवड्याला एक पेनी, आणि अकरा-बारा जणांमागं एक गोळा करणारा. तो पेनीसाठी दारोदार जाऊ लागला, आणि घराघरांत काय चाललं आहे ते त्याला दिसू लागलं. वेस्लीनं ओळखलं की आपल्याला हवी होती ती गोष्ट हीच. कर्जवसुलीतून वर्ग उभे राहिले, आणि दर आठवड्याला प्रत्येकानं सांगायचं की या आठवड्यात तुझ्या आत्म्याचं कसं चाललं आहे. प्रत्येकानं स्वतः सांगायचं, पण सांगायचं दुसऱ्यासमोर. मी जबाबदारी म्हणतो तिचं रूप हे.

साशंक : मग शब्द तुमचा आणि मजकूर माझा, असं झालं. पण मी तेवढ्यावर समाधान मानणार नाही, कारण वेस्लीच्या वर्गात एक अडचण आहे, आणि ती रमाबाईंच्या पत्रांत अधिक लख्ख दिसते. सिस्टर जेराल्डिनला त्या पत्रांत गर्व दिसला. रमाबाईंच्या बाजूनं इतिहासानं कौल दिला, म्हणून आज आपण जेराल्डिनला हसतो. पण १८८५ च्या त्या दिवशी, दोघींच्या मधे टेबलावर पत्र पडलेलं असताना, हा विवेक आहे की हेका, हे कोणी सांगायचं? रमाबाईंनी सांगितलं तर त्या स्वतःच्याच न्यायाधीश झाल्या. जेराल्डिननं सांगितलं तर ते जुनंच जू झालं. तुमचा बाकावरचा माणूससुद्धा म्हणतो की मला माझ्या विवेकानं सांगितलं, म्हणून मी मंडळी सोडली, दुसरीकडे गेलो, तिथूनही निघालो. आज शहरात असे कितीजण आहेत, जे दर दोन वर्षांनी मंडळी बदलतात आणि त्यालाच वाढ म्हणतात. त्यांच्यात आणि रमाबाईंत फरक काय?

आग्रही : मला एकच दिसतो, आणि तो पुरेसा आहे की नाही सांगता येत नाही. रमाबाईंनी उत्तरं दिली. जेराल्डिनच्या लांबलचक पत्राला त्यांचं तितकंच लांब उत्तर जायचं. अंड्याचं पुडिंग का खात नाही इथपासून त्रैक्यापर्यंत, मुद्द्याला मुद्दा. रागावून लिहिलं, पण लिहिणं सोडलं नाही, आणि वाँटेजशी नातं तोडलं नाही. ती पत्रं जपून, जुळवून ठेवली ती जेराल्डिननं, आणि १९७७ मध्ये ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापली म्हणून आपण हे बोलतो आहोत. मंडळी बदलणारा माणूस उत्तर देत नाही, निघून जातो. आपल्या विवेकाचा निकाल जो दुसऱ्यापुढं कारणांसकट मांडतो आणि त्याचं उलट उत्तर ऐकायला थांबतो, त्याच्या विवेकावर मी भरवसा ठेवीन. तो चुकला तरी.

साशंक : यात तुम्ही धरूनच चालला आहात की पलीकडे जेराल्डिन आहे. चुकीची असेल, अधिकार गाजवणारी असेल, पण हिच्या आत्म्याचं काय होईल या काळजीनं पानंच्या पानं लिहिणारी. बाकावरच्या माणसाला वीस वर्षांत असं एकही पत्र आलेलं नाही. त्यानं प्रश्न विचारला तर वडीलमंडळात त्याची नोंद होते, उत्तर येत नाही. तुम्ही त्याला म्हणता, उत्तर दे. कोणाला?

आग्रही : त्याला पत्र आलं नाही म्हणून त्यानंही कोणाला लिहिलं नाही, हे तरी मी विचारू शकतो.

साशंक : विचारा. पण त्याला विचारायच्या आधी वडीलमंडळाला विचारा, आणि तिथं तुम्हाला काय उत्तर मिळतं ते मला सांगा.